उंबऱ्यातून बघितलेल्या चुली

आकाराम भाऊजींना गावं चहावरनं लक्षात राहायची. कुठल्याही गावाचं नाव काढा, ते म्हणायचे, "तिथं व्हय? तिथं गुळाचा चहा. पयला घोट घशात आडकतोय." नाहीतर, "त्या गावात बशी देत न्हाईत, वैनी. बोटं भाजली माजी." सोळा वर्षं त्यांनी जिल्ह्यातली गावं पालथी घातली आणि प्रत्येक गावात निदान दहा घरी चहा घेतला. त्याच चहानं एकदा त्यांना खरं काय ते दाखवलं, म्हणून आज हे लिहायला बसले.

भाऊजींचं गाव गडमुडशिंगी. बायको-मुली तिथंच. पण पहिल्या एस्टीनं निघायचं तर गावाहून सायकल मारत यायला नको, म्हणून कोल्हापुरात कळंब्याच्या रस्त्याला आमच्या घराच्या मागची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. एक्याण्णव ते दोन हजार, नऊ वर्षं राहिले. एका संस्थेत ते हंगामी सर्वेक्षक होते. गावात एखादी योजना येऊन गेली की वर्ष-दोन वर्षांनी तिचं काय झालं हे बघायला संस्था माणसं पाठवायची. त्याला मूल्यमापन म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. लावलेली झाडं जगली का, वाटलेल्या कोंबड्या आहेत का, बांधलेल्या संडासात माणसं जातात का सरपण ठेवतात, असलं सगळं ते विचारून, बघून फॉर्मवर लिहून आणायचे. संध्याकाळी आमच्या मागच्या पायरीवर बसून ते फॉर्म नीट अक्षरात उतरवून काढायचे. मी तिथंच काहीतरी निवडत, सोलत बसलेली असायची. मला विचारल्याशिवाय राहवत नसे आणि त्यांना सांगितल्याशिवाय.

प्रत्येक अहवालाच्या शेवटी एक चौकट असायची. तिच्यावर छापलेलं होतं, 'या योजनेतून मिळालेला धडा'. मला ती चौकट फार आवडायची, कारण माझीही एक वही आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा आमच्या मठातल्या स्वामींनी सांगितलं होतं की, लिंगपूजा झाली की जागेवरून उठायच्या आधी एक ओळ लिहायची, काल जे ठाऊक नव्हतं ते. कधी मोठं काही सुचतं, कधी नुसतं 'चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात टाकली तर काळी पडत नाहीत' एवढंच. पण ओळ चुकवली नाही. तर मी भाऊजींना विचारायची, या खेपेला काय धडा? ते म्हणायचे, "त्योच की. लोकांमध्ये जनजागृती करणे आवश्यक आहे."

"दर वेळी हाच?"

"साहेबास्नी ह्योच आवडतोय."

"अहो, पण कोंबड्या तर रोगानं मेल्या म्हणालात. त्यात लोकांच्यात जनजागृती कसली करायची?"

"कोंबड्यांच्यात करायची आसंल, वैनी," म्हणून ते हसले. हसताना मात्र पेनाचं टोपण उगाच लावत-काढत राहिले. त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं, एवढं मला दिसत होतं.

सत्त्याण्णव सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. भाऊजी चंदगड तालुक्यातल्या एका गावाहून आले होते. गावाचं नाव घालत नाही, माणसं हयात आहेत. तिथं दोन वर्षांपूर्वी घरोघरी निर्धूर चुली घातल्या होत्या. मातीच्याच, पण साच्यातनं काढलेल्या. तोंड लहान, मागं दुसरं भांडं ठेवायला वैल, आणि धूर वर न्यायला पाईप. सगळ्या चुली गावातल्याच धोंडुबाई कुंभारणीनं घातल्या होत्या. तिला संस्थेनं पंधरा दिवसांचं शिबिर दिलं होतं. अठ्ठावन्न चुली. त्यातल्या एकोणचाळीस मोडलेल्या निघाल्या आणि एकोणीस चांगल्या.

"म्हणजे बाईनं काम नीट केलं नाही?" मी विचारलं. मी पावटे सोलत होते.

"साहेब तसंच म्हनतात. कारागीर कच्ची. आता तिला काढायचं, पुढल्या सालापास्नं सिमिटाच्या तयार चुली धाडायच्या. शनवारी बैठक हाय, त्यात पक्कं हुनार. माजी सई झालीया शिफारशीवर."

"ती दुसरं काय करते?"

"काय करनार? मडकी कोन घेतंय आता? चुलीवरच हुती. आसपासच्या चार गावांत आता तिलाच बोलिवत्यात." मग त्यांनी स्वतःच दुरुस्त केलं, "म्हंजे, बोलिवत हुते."

मग नेहमीसारखं मी विचारलं, चहा कुठला चांगला? ते खुलले.

"चिमणाबाईकडं. वैनी, चूल कशी, नव्या नवरीवानी! हळदीकुंकू लावल्यालं, म्होरं रांगोळी. चहापन फक्कड. नुसता उशीर लई. तिची सासू परसातनं घिऊन आली."

"परसातनं?"

"व्हय, मागल्या दारानं."

"आत एवढी चांगली चूल असताना म्हातारी परसात कशाला गेली?"

भाऊजींनी पेन खाली ठेवलं. त्यांनी फॉर्मचा गठ्ठा पुन्हा हातात घेतला आणि एकेक घर आठवू लागले. कुठल्या घरी चहा घेतला, कोणी आणून दिला, कुठल्या दारानं. माझे पावटे तसेच राहिले. अर्ध्या तासात त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. जिथं चूल 'चांगली' लिहिली होती तिथला चहा जवळजवळ सगळीकडे मागच्या दारानं आला होता. आणि जिथं 'मोडलेली' लिहिली होती तिथं बाई आतूनच कप घेऊन आली होती.

"तुम्ही चूल बघितली कशी, भाऊजी?"

"उंबऱ्यातनं. परक्या गड्यानं सैपाकघरात शिरायचं व्हय? मालकाला सोप्यात बसून इचारायचं आनि उंबऱ्यातनं वाकून बघायचं. तोंड फुटल्यालं दिसलं की मोडकी."

"मोडकी चूल कुठली बाई दोन वर्षं घरात ठेवील? मी तर दुसऱ्या दिवशी नवी घालीन."

ते उठले. खोलीत गेले, पुन्हा बाहेर आले, नळावर तोंड धुतलं आणि तसेच ओल्या तोंडानं म्हणाले, "वैनी, तुमी चला की. माज्यानं चुलीपतूर जाता येत न्हाय. सोमवारी गेलतो, आज मंगळवार. गुरवारी निघालो तर शुक्रवारी परत."

आमच्या ह्यांचं भांड्यांचं दुकान. ह्यांचं नाव महांतेश. ते रात्री जेवताना म्हणाले, "तुला एस्टीत गडहिंग्लजच्या अलीकडंच मळमळतं. तू काय मूल्यमापन करणार?" मी म्हणाले, लिंबू घेते. ते म्हणाले, "आकाराम, हिला चुलीपुढं बसवलंस तर उठायची नाही हं. सगळ्या गावाला पिठलं घालून येईल." एवढं बोलून त्यांनी पैसे आणि आपली शाल काढून दिली, म्हणजे परवानगी झाली.

पहाटेच्या एस्टीनं निघालो, त्यामुळे माझी पूजा राहिली. पूजा झाल्याशिवाय मी पोटात काही घालत नाही, लिंबूसुद्धा नुसतं हुंगलं. साडेदहाच्या सुमाराला गावात उतरलो. धोंडुबाईचं घर पहिलंच. साठीची बाई, हात कोपरापर्यंत मातीचे. भाऊजींना बघितलं आणि तिथूनच ओरडली, "ह्यो त्योच पावना न्हवं? माज्या गावचा चहा पिऊन माजंच नाव बुडिवलेला?"

भाऊजी चपला काढून अंगणातच उभे राहिले. "मावशी, तेच बगायला आलोय. चुकलं आसंल तर."

"आसंल तर! आनि ही कोन?"

मी सांगितलं, आणि अजून पूजा व्हायची आहे, जरा स्वच्छ जागा आणि तांब्याभर पाणी द्या, असं मागितलं. तिचा आवाज लगेच खाली आला. ती म्हणाली, "आत ये, पोरी. चुलीम्होरं सारिवल्यालं हाय, तितंच बस. त्याच्यापरीस चांगली जागा घरात न्हाय. मी भाकऱ्या करते, माजी अडचन न्हाय ना?"

अशी मी चुलीपासून दीड हातावर अर्धा तास बसले. विभूती लावली, लिंग तळहातावर घेतलं. खरं सांगते, त्या दिवशी माझं मन जागेवर राहिलं नाही. चूल भडभडून पेटलेली, लाकूड ओलसर, चंदगडात दुसरं मिळतं कुठं, आणि माझ्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. समोरच्या भिंतीवर काजळीचा पट्टासुद्धा नव्हता. आणि ही चूल भाऊजींच्या फॉर्मवर 'मोडलेली' होती.

पूजा आटोपली आणि मी नीट बघितलं. चुलीचं तोंड फोडून रुंद केलं होतं. खाली ओंजळीएवढा मातीचा ओटा पुढं काढला होता आणि वर मातीचा जाड ओठ खाली वाकवून लोंबता सोडला होता. उंबऱ्यातून बघणाऱ्याला तो ओठ ढासळलेल्या मातीसारखाच दिसणार. धोंडुबाईनं तव्यावरची नाचणीची भाकरी उचलली, लाकडानं निखारे त्या ओट्यावर ओढले आणि भाकरी निखाऱ्यांसमोर उभी केली. भाकरी टम्म फुगली. वरच्या ओठानं धूर आत लोटला जात होता.

"हे शिबिरात शिकवलं?" मी विचारलं.

"शिबिरात?" ती हसली. "शिबिरात साहेबानं पानी उकळून दाखिवलं. पानी उकळलं, समद्यांनी टाळ्या वाजिवल्या. भाकरी कुनी केलीच न्हाय बघ. घरी यिऊन चुली घातल्या, तर बायका चौथ्या दिशी माज्या दारात. निखारं वडायला जागा न्हाय, भाकरी हुबी कुटं करायची? गडी मान्सं ताटावरनं उटून जायला लागली. मग म्या पयली माजीच फोडली. नुसती फोडली तर धूर आला. मग ह्यो वट काढला. मग बायकांनी बोलिवलं तशा त्यांच्याबी फोडल्या."

उंबऱ्यापाशी उभे असलेले भाऊजी सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "मावशी, म्या आलतो तवा हे सांगायचं की."

"तू मला इचारलंस? तू तर आमच्या सरपंचाला इचारलंस. त्येनं कधी भाकरी थापलीया?"

नंतर आम्ही घरोघरी फिरलो. मी आत जायचे, चुलीत हात घालायचे, राख गरम आहे का गार ते बघायचे, भांड्यांची बुडं बघायचे आणि आतूनच ओरडून सांगायचे. भाऊजी उंबऱ्याबाहेर उभं राहून लिहायचे. बायकांना मोठी गंमत वाटत होती. एकीनं विचारलं, "कोल्हापुरात चुली न्हाईत व्हय गं, बघायला इतं आलीस?" संध्याकाळपर्यंत आकडा असा निघाला. एकोणचाळीस मोडलेल्यांपैकी छत्तीस रोज पेटत होत्या. एकोणीस चांगल्यांपैकी फक्त दोन. चिमणाबाईच्या त्या नव्या नवरीच्या पोटात मांजरीची तीन पिल्लं निजली होती. मी तिला म्हणाले, पेटवत का नाही? ती पदर सारखा करत म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. चांगली हाय ती." एवढ्यावर मी सोडून दिलं. पिल्लं फार गोड होती आणि मला पुढचं घर दिसत होतं.

रात्री आम्ही धोंडुबाईकडेच मुक्काम केला. सकाळी निघताना तिनं फडक्यात बांधून दोन भाकऱ्या दिल्या. एक तिच्या चुलीवरची. दुसरी तिनं मुद्दाम शेजारच्या धडक्या चुलीवर करून आणली होती. "तुज्या साहेबाला कागद नगं दावूस. ह्या दाव," असं तिनं भाऊजींना बजावलं.

शनिवारची बैठक मी बघितली नाही. भाऊजी संध्याकाळी आले ते पायरीवर बसले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते उभं राहून म्हणाले होते, माझी शिफारस मला मागं घ्यायची आहे. सयाजीराव साहेब त्यांच्या खात्याचे प्रमुख. साहेब म्हणाले, "आकाराम, सोमवारचं तुझं चूक, तर गुरुवारचं बरोबर कशावरून?" भाऊजी म्हणाले, "सोमवारी म्या सोप्यात बसल्यालो साहेब. गुरवारचं चुलीजवळ बसून बघितल्यालं हाय." कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, हंगामी माणसानं असं दर आठवड्याला मत बदललं तर त्याला पुढच्या कामावर घ्यायचं कसं? तेव्हा भाऊजींनी फडकं सोडलं आणि दोन्ही भाकऱ्या टेबलावर ठेवल्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, डब्याची येळ झालती. साहेबानं पयली मोडली, चपटी, चामड्यासारकी. दुसरी मोडली, पापुद्रा सुटला. तीच खाल्ली निम्मी. चटनी मागितली. मग म्हनले, ह्या बाईला कोन काढतंय?"

धोंडुबाई राहिली. पुढच्या वर्षी साच्यातच ओटा आणि ओठ घालायचं ठरलं. आता धड्याची चौकट. भाऊजींनी तिच्यात पहिल्यांदाच दोन स्वतःची वाक्यं लिहिली होती. 'वस्तू मोडली का, एवढंच न विचारता कशासाठी मोडली ते विचारावे. आणि विचारणारा उंबऱ्याच्या आत असावा.' साहेबांनी पहिलं ठेवलं. दुसऱ्यावर रेघ मारली. पाहणीतली चूक आपणच कशाला छापायची, म्हणाले.

"तुमच्या वहीत लिवा, वैनी," भाऊजी म्हणाले. "तितं कोन खोडत न्हाय." मी लिहिलं. आजही आहे त्या पानावर.

मला वाटलं, झालं. आठवड्यानं भाऊजी धोंडुबाईला निरोप सांगायला निघाले, तेव्हा मीही निघाले, मला राहवेना. या खेपेला पूजा पहाटे चारला उठून केली. धोंडुबाईनं सगळं ऐकून घेतलं. खूश झाली का, ते कळायला मार्ग नव्हता. चाकावरचा हात न थांबवता ती म्हणाली, "माजं झालं. पन त्या सतरा जनी?"

"कुठल्या सतरा?" भाऊजी म्हणाले.

"ज्यांच्या चुली तू चांगल्या लिवल्यास आनि पेटत न्हाईत. त्या परसात धूर खात्यात. त्या का फोडून घेत न्हाईत, हे इचारलंस?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. मोडक्यांचं कोडं सुटलं त्या आनंदात चांगल्यांकडे पुन्हा बघायचं राहूनच गेलं होतं. मी तर मांजराची पिल्लं बघत बसले होते.

तसेच चिमणाबाईकडे गेलो. धोंडुबाईही मातीच्या हातांनी, पहार आणि ओल्या मातीचा गोळा घेऊन आली. चिमणाबाई सासूकडे बघू लागली. मग सासूच बोलली. म्हातारी डोळ्यांना पदर लावूनच बोलत होती, परसातल्या धुरानं डोळे कायमचे लाल झालेले. "बाबा, चूल घालताना सांगितलंतं की बगायला मान्सं येत्याल. मोडली तर नाव लिवून नेत्याल. मग आमी मोडतोय व्हय? पेटिवली तर काळी हुती, भाकरी करायची तर फोडाय लागती. म्हनून तशीच ठिवली. हळदकुकू लावतो. तू आलास तवा चांगली लिवलीस न्हवं?"

भाऊजींचा चेहरा मी त्या दिवशी बघितला तसा पुन्हा कधी बघितला नाही. ती चूल त्यांच्यासाठी ठेवली होती. त्यांनी येऊन 'चांगली' लिहावं म्हणून एक म्हातारी दोन वर्षं मागच्या दारी धूर खात होती.

"आक्का," ते म्हणाले, "कुनी नाव न्हेत न्हाय. फोडा तुमी. मावशी फोडंल."

"तू लिवनारा. तू म्हनतोस आनि उद्या दुसरा यील," म्हातारी म्हणाली.

भाऊजींनी बाह्या वर सारल्या. मग त्यांनी धोंडुबाईच्या हातातली पहार घेतली आणि चिमणाबाईला विचारलं, "ताई, आत यिऊ?"

ती बाजूला झाली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत भाऊजी पहिल्यांदा कुणाच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत होते. मी मांजरीची पिल्लं ओच्यात घेतली. ते चुलीपुढं मांडी घालून बसले, तिला आधी हात जोडले, रांगोळी हातानं बाजूला सारली आणि तोंडाच्या काठावर पहारीचा बेतानं घाव घातला. माती पडली तशी म्हातारीनं "शिव शिव" म्हटलं. धोंडुबाई मागून सांगत होती, "डाव्या अंगाला. आरं हळू! चूल हाय ती, हीर न्हवं!" त्यांना काही नीट जमलं नाही. शेवटी तिनंच त्यांना ढकलून बाजूला केलं आणि ओल्या मातीचा ओठ ओढला.

दाराशी बायका जमल्या होत्या. एकीनं विचारलं, "माजी पन फोडनार व्हय, पावनं?" भाऊजी कपाळावरची माती पुसत म्हणाले, "सतराच्या सतरा. पन शिकवनारी ही. म्या नुसतं मोडतोय."

माती ओली होती तरी म्हातारीला दम निघेना. तिनं आतच काटक्या घातल्या, पेटवल्या आणि चहाचं भांडं ठेवलं. धूर थोडा आला, मग पाईपनं वर गेला. आम्ही सोप्यात बसलो. चिमणाबाई कप घेऊन आली.

भाऊजींनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. आधी वळून बघितलं, ती कुठल्या दारानं आली ते.